सून गेली आणि पाणी तापलं

ही गोष्ट सांगायचं मी टाळत आलो. विसरलो होतो, असं म्हणायची सोय नाही, कारण दर थंडीला ती आठवतेच. आकाशकंदील उतरतात, शहागंजात पेरूच्या गाड्या लागतात, पहाटे कुणीतरी रस्त्याच्या कडेला पाला पेटवून हात शेकत बसतं, आणि मग कॉलनीतून फोन सुरू होतात. काका, आमच्या सोलरला गरम पाणी येईना, जरा बघता का. मी पाना, टेपचं रीळ आणि एक जुनं फडकं पिशवीत टाकतो आणि लोकांच्या गच्च्या चढतो. वाळूजच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी वाफेच्या आणि गरम पाण्याच्या लाइनींवर गेली, त्यामुळं हात बसलेला आहे. पाणी आलं की लोक चहा देतात. म्हणतात, काकांनी नुसता हात लावला. मी चहा पितो, आणि दर वेळी, दर गच्चीवर, मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा ते आतल्या आत राहिलं नाही. परवा मेहुण्याच्या नातवाचं बारसं होतं. मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ भास्कर, माणूस वाईट नाही, पण पंगतीत चार माणसं हसल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही. थंडीचा विषय निघाला, कुणीतरी म्हणालं आमचा गिझर बिघडलाय, आणि झालं, भास्करनं ती जुनी गोष्ट काढली.

"आमच्या अक्काच्या घरी तर लई भारी झालं व्हतं. सोलरला काही केल्या गरम पाणी येईना. अन् सून माहेरी गेली की त्याच दिवशी नळाला उकळतं पाणी. सूर्य पण म्हणला आसंल, गेली का एकदाची."

पंगत हसली. दोन नव्या सुना वाढत होत्या, त्याही तोंडावर हात ठेवून हसल्या. न हसून चालतं का त्यांना. माझ्या पानात जिलबी होती. मी तशीच टाकून उठलो, हात धुतले आणि मंडपाच्या मागं, जिथं आचाऱ्यांची भांडी पडली होती, तिथं जाऊन उभा राहिलो. राग आवरेना. भास्करवर राग नव्हता. त्याला हा विनोद दिला कुणी? एका वाक्यात मी तो खोटा पाडू शकलो असतो, त्याच दिवशी. तो मी जगू दिला, वाढू दिला, आणि आता तो माझ्या पाठीमागं राहणार. मी गेल्यावरही कुठल्यातरी पंगतीत लोक माझ्या सुनेवर हसणार. म्हणून हे लिहितो आहे. हसलेल्या सगळ्यांनी वाचावं.

सुनेचं नाव वैशाली. माझ्या मुलाची, नितीनची बायको. लग्न होऊन आली तेव्हा ती वाळूजलाच एका कंपनीत तपासणी खात्यात होती. तयार झालेला माल मापात बसतो का, हे बघायचं काम. नोकरी सोडणार नाही, हे तिनं लग्नाआधीच स्वच्छ सांगितलं होतं आणि आम्ही हो म्हणालो होतो. हो म्हणायला काय लागतं. कंपनीतली पहिली पाळी म्हणजे अंधारात घर सोडणं, आणि अंधारात घर सोडायचं तर सगळ्यांच्या आधी आंघोळ करणं, एवढा अर्थ त्या होकारात होता हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या घरी आंघोळीचा क्रम होता. कुणी ठरवला नव्हता, पण होता. आधी मी, मग पूजेसाठी मंगल, म्हणजे माझी बायको, मग मुलगा, आणि सगळ्यात शेवटी सून. मंगल सून होती तेव्हा तीही शेवटी होती. बंबातलं उरलंसुरलं, धुराचा वास लागलेलं कोमट पाणी तिच्या वाट्याला यायचं. त्या रांगेत पुढं सरकायला बाईची अर्धी उमर गेली. आणि ही मुलगी आली ती पहिल्या दिवसापासून पहिली. मंगल बोलली नाही. पण मी तिच्यासोबत संसार केलेला माणूस आहे, तिचं न बोलणं मला ऐकू यायचं.

त्या वर्षीची थंडी लवकर आली. आमच्या इकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, घोंगडीतून हात बाहेर काढला की बोटं जड होतात. वैशाली उठायची तेव्हा गल्लीत फक्त कुत्री जागी असायची. ती आवरून क्रांती चौकात जाऊन कंपनीच्या बसची वाट बघायची. एकदा कामासाठी लवकर बाहेर पडलो होतो तेव्हा मी तिला तिथं बघितलं. कानटोप्या घातलेल्या पोरांच्या घोळक्यापासून थोडी बाजूला, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, आणि ओढणीच्या खालून ओल्या वेणीचं टोक पाठीवर पाणी सोडत होतं. बसच्या काचा आतून धुरकटलेल्या होत्या. मी हाक मारली नाही.

त्याच दिवसांत सोलर बिघडला. आमच्या गच्चीवर साधं यंत्र आहे, सगळ्यांकडे असतं तसं. आडवी टाकी, तिच्याखाली तिरप्या काळ्या काचेच्या नळ्या. ऊन पडतं, पाणी तापतं, हलकं होऊन वर चढतं. पंप नाही, वीज नाही. पण सकाळी गरमचा नळ सोडला की तो आधी खोकायचा. मग बोटाएवढी धार यायची, पहिल्या माणसाची अर्धीमुर्धी बादली व्हायची आणि धार बंद. दुसऱ्याला काही नाही. दिवसभर ऊन कडकडीत, आणि आंघोळीला गार पाणी.

पहिलं माणूस वैशाली होती. तेव्हा हिशोब लागलाच. मंगल म्हणाली, पोरगी सगळं गरम पाणी संपवते. लांब केस आहेत, रोज धुते, मागच्यांचा विचार नाही. मंगलला वाईट ठरवायला मी हे लिहीत नाही. तिचे गुडघे आखडलेले असायचे, गार पाणी अंगावर घेतलं की दिवसभर जिना चढता यायचा नाही, आणि पारोशानं देवाला हात लावायचा नाही म्हणून ती गार पाण्यानंच आंघोळ करायची, दात वाजवत, देवाचं नाव घेत. दुखणं खरं होतं. त्या दुखण्याला तिनं समोर दिसेल ते कारण लावलं.

वैशालीनं सांगितलं होतं. "आई, मलाही नीट येत नाही. अर्धी बादली येते, तीही कोमट." यावर मंगल म्हणाली, "व्हय, अन् मग उरलेलं जातंय कुठं? सोलर पितोय का?"

आता मी जे दर हिवाळ्यात परक्यांच्या घरी करतो, ते इथं लिहितो. बोलावलं की मी आधी काही उघडत नाही, आधी विचारतो. गार पाण्याची टाकी भरलेली आहे का? मधला कॉक कुणी बंद केलाय का? आमच्या गावात पाणी राखायला लोक काहीही बंद करतात. मग वरच्या पाइपाला हात लावतो. वर चटका बसला आणि खाली नळ गार, तर पाणी तापलंय पण वाटेत हवा अडलीय. वरही गार, तर नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार धरलाय, नाहीतर काचांवर महिनोन्महिन्यांची धूळ आहे. टाकी, कॉक, पाइप, हवा, क्षार. या क्रमानं गेलं की दोष सापडतोच. कारखान्यात नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. माणसाचं नाव शेवटी घ्या, आधी यंत्र तपासा, असं बजावायचो.

आणि घरी? घरात काही बिघडलं की आपण आधी सून तपासतो, यंत्र नंतर. दूध नासलं, सून. तांदळात किडे झाले, सून. मुलगा आईशी तुटक बोलला, सून. माझ्यासारखा, उभा जन्म बिघाड शोधण्यात घालवलेला माणूस त्याच घरात बसून पेपर वाचत होता आणि त्याला वर जाऊन पाइपाला हात लावावासा वाटला नाही. नितीन एकदा म्हणाला, बाबा एकदा वर बघा ना. मी म्हणालो, ते मी बसवून घेतलेलं आहे, त्यात काही व्हायचं नाही. माझा अहंकार, दुसरं काय. नितीननं पुन्हा विचारलं नाही. बायकोसाठी आईबापाशी दोनदा बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं. ते त्यानं माझ्याकडूनच घेतलं होतं.

वैशालीही विचारायला आली होती. कामावरून आल्यावर चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, नळ आधी खोकतो ना, म्हणजे पाइपात हवा असेल का?" मी पेपर खाली केला नाही. म्हणालो, "तुम्ही खोलीतल्या खोलीत माल मोजता, तेवढं मोजा. पाइपातलं आम्हाला कळू द्या." ती कप ठेवून आत गेली. हे वाक्य मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. लिहिताना बोट अडखळलं, पण लिहिलं.

पाण्याबद्दल बोलताना या शहरात कुणाचा आवाज शांत राहत नाही. धरण भरल्याचे फोटो पेपरात येतात आणि नळाला पाणी येतं ते कितीतरी दिवसांनी, कुठल्याही वेळी. आलं की सगळी गल्ली पळत सुटते. पिंप, घागरी, पातेली, बाळाचा टब. शिळं पाणी झाडांना, भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला. पाहुण्याला आम्ही अर्धा पेला पाणी देतो आणि लागलं तर पुन्हा देतो म्हणतो. बाहेरच्या माणसाला हे कंजूषपणाचं वाटतं. इथं वाढलेल्या माणसाला थेंब टपकताना बघवतच नाही. कुणाच्या घरी नळ गळत असला तर मी बोलता बोलता उठून तो आवळून येतो.

या सवयीनंच घात केला. सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून एक नळी सरळ आभाळाकडे गेलेली असते, वरच्या टोकाला उघडी. लोकांना ती उगीच वाटते. त्या नळीतून टाकी श्वास घेते. आत हवा धरली तर तिथून निघून जाते, पाणी उतरलं तर तिथून हवा आत येते. आधीच्या उन्हाळ्यात पाणी फार तापून फुगायचं आणि त्या नळीतून टपकायचं. खाली सिमेंटवर ओघळ उमटला होता. टँकरसाठी भांडणं चालली होती, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता, आणि माझ्या डोक्यावर थेंब थेंब पाणी वाया जात होतं. मी दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेतलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि ठोकून त्या नळीच्या तोंडात बसवलं. खाली आलो तेव्हा मंगल म्हणाली, तुमच्या नजरेतून थेंब सुटत नाही. मला बरं वाटलं. कारखान्यात कुणी अशी नळी बुजवली असती तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

उन्हाळ्यात गरम पाणी कुणाला लागत नाही, पावसाळ्यात ऊन नसतं, त्यामुळं काही कळलं नाही. त्या महिन्यांत आमची गार पाण्याची टाकी कितीदा तरी तळाला गेली, पाइपात हवा शिरली आणि पुन्हा पाणी भरल्यावर ती हवा आत कोंडली. बाहेर पडायची तिची वाट मी बंद केली होती. आणि मी ते पार विसरून गेलो होतो. इथपर्यंत ही चूक आहे. चुकीचा मला एवढा राग नाही. राग पुढचा आहे.

पौषात वैशाली तापली. खोकला छातीत उतरला होता. ओले केस आणि पहाटेचा वारा, डॉक्टरांनी नुसतं बघूनच सांगितलं. तिचे वडील गावाहून, कन्नडहून आले आणि चार दिवस विश्रांतीला म्हणून तिला घेऊन गेले. जाताना ती मंगलच्या पाया पडली, माझ्या पडली. वडील दारात उभे होते. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, आणि त्यांच्या न विचारण्यानं मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी दुपारी गच्चीवर उन्हात जाऊन बसलो. सतरंजी, पेपर, पाठीवर ऊन. शेजारच्या घरी वाळवणावर बसणारे कावळे कुणीतरी हाकलत होतं. मान मागं टाकली आणि समोर ती नळी दिसली. तोंडात कणीस, त्यावरची रबराची पट्टी उन्हानं भेगाळलेली.

बघितल्याबरोबर कळलं. विचार करावा लागला नाही. पेपर हातातून उडून कोपऱ्यात गेला. मी उठलो, स्टूल ओढलं, कणीस उपसून काढलं. आधी नुसता एक लांब सुस्कारा बाहेर पडला. मग टाकीच्या पोटात गुरगुर झाली, नळीतून पाण्याच्या चार पिचकाऱ्या उडाल्या, माझ्या हाताला चटका बसला. पाणी उकळतं होतं. इतके दिवस ते तापलेलंच होतं. वर माझ्या डोक्यावर गरम पाणी भरलेलं होतं आणि खाली एक पोरगी गार पाण्यानं केस धुऊन, ऐकून घेऊन, तापानं फणफणून माहेरी गेली होती.

तेव्हा मी काय केलं? खाली जाऊन मंगलला हाक मारली? नाही. कन्नडला फोन लावला? नाही. मी आजूबाजूला बघितलं, चोर बघतो तसं, आणि ते कणीस मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या काटेरी झुडपात भिरकावलं. मग हाताला फुंकर घालत सतरंजीवर येऊन बसलो.

संध्याकाळी मंगलनं नळ सोडला आणि ओरडलीच. "अहो, पाणी आलं. चटका बसतोय." थोडा वेळ ती पाण्यात हात धरून उभी राहिली, गुडघ्यांना पाणी लावलं. मग वळली आणि म्हणाली, "बघितलं ना. ती गेली अन् पाणी आलं. मी काय खोटं बोलत होते का?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. त्या हुंकारावर विनोद उभा राहिला. मंगलनं तो भास्करला फोनवर सांगितला, भास्करनं त्यात सूर्य घातला. मंगलला तरी दोष कसा देऊ? तिच्या डोळ्यांसमोर पुरावा घडला होता आणि घरातला जाणकार माणूस हुंकार भरत होता. मी तिला खरं सांगितलं असतं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नसती, पण सुनेला जवळ घेतलं असतं. तिचा तो स्वभाव होता. तिला कडू सासू मी केलं. या गुन्ह्यात माझ्याकडून दोन बायका भरडल्या गेल्या, आणि दोघी एकमेकींनाच जबाबदार धरत राहिल्या.

वैशाली परत आली ती तिच्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने. गळ्यात पांढरा हार, कपाळावर बिंदी, दंडात बाजूबंद. तापातून उठलेली, चेहरा उतरलेला, पण दिसत होती सुंदर. बैठक बायकांनी भरली होती आणि मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात होतो. मंगल अत्तर लावत लावत बायकांना ती गोष्ट सांगत होती, सूर्याचा भाग धरून. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, अगं मग तिला दर हिवाळ्यात माहेरी धाडत जा. आणखी हसल्या. आणि जिच्यावर हसत होत्या ती तीळगुळाचं ताट घेऊन त्यांच्याचपुढं वाकत होती. गोड बोला म्हणत होती.

तीळगूळ संपला म्हणून ती आत आली. मला बघून थांबली. एका दंडातला बाजूबंद तुटला होता, हलव्याचे दाणे तिनं मुठीत धरले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, वर काय बिघडलं होतं?"

तिनं हे विचारलं यावरूनच मला कळायला हवं होतं की तिला खात्री होती. तिला फक्त एका माणसानं सांगायला हवं होतं. बाहेर जाऊन नको, सगळ्यांसमोर नको. तिथंच, डब्यांच्या फळीपाशी, दोघांतच. ती सुटली असती. मी तिच्या डोळ्यांत न बघता म्हणालो, "काही नाही. पाणी जपून वापरलं की पुरतं."

मूठ तशीच मिटून ती डबा घेऊन बाहेर गेली.

गरम पाण्याच्या धारेचा आवाज गार पाण्यापेक्षा जाड आणि मऊ असतो. कान तयार असेल तर भिंतीपलीकडूनही फरक कळतो. त्या संक्रांतीनंतर वैशालीनं आमच्या घरात गरमच्या नळाला हात लावला नाही. वर टाकी भरून गरम पाणी, आणि रोज अंधारात, भिंतीपलीकडून, गारची कडक धार. मी पांघरुणात पडून ती ऐकायचो. मंगल म्हणायची, रुसलीय, उतरंल राग. राग नव्हता तो. तिनं ठरवलं होतं की या घराच्या कुठल्याही हिशोबात आपलं पाणी धरलं जाऊ नये. पुढच्या पावसाळ्यात नितीननं वाळूजला खोली घेतली, कंपनी जवळ पडते म्हणून. मग दोघे पुण्याला गेले. सगळ्यांना कारण कंपनीचंच सांगितलं.

मंगल आजारी पडली तेव्हा वैशाली रजा काढून आली. न बोलावता. तीही थंडीच होती. मंगलला उठता येत नव्हतं, तर वैशाली तिला धरून न्हाणीघरात न्यायची, खुर्चीवर बसवायची, कोपरानं पाणी तपासायची आणि आंघोळ घालायची. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा असायचो. एके दिवशी आतून मंगलचा आवाज आला, पार बारीक झालेला. "तू पण घे गं गरम पाणी. आता पुरतंय."

वैशाली म्हणाली, "मला गारच बरं, आई. सवय झाली."

दोघी समोर होत्या. मध्ये फक्त एक दार, तेही लोटलेलं. मी सांगायला हवं होतं. टॉवेल आत सरकवला आणि बाजूला झालो. त्याच थंडीत मंगल गेली. ती शेवटपर्यंत हेच धरून गेली की सुनेनं पाणी संपवलं होतं आणि आपण मोठ्या मनानं ते विसरलो.

लोक म्हणतील, एवढीशी गोष्ट, पाण्याची. असं म्हणणाऱ्यांची मला चीड आहे. मोठ्या गोष्टींवर घरं मोडत नाहीत. मोठ्या गोष्टींत माणसं एकत्र येतात, आजारपणात, मयतीत. घर मोडतं ते बादलीवर आणि त्या बादलीबद्दल एकानं गिळलेल्या वाक्यावर. आणि म्हातारपण आलं की सगळं माफ, हेही मला पटत नाही. केस पिकल्यानं खोटं खरं होत नाही.

मी हे आजवर एकाच माणसाला सांगितलं होतं. शहागंजात रफीकभाईंचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. आमची दोस्ती मी नोकरीत होतो तेव्हापासूनची. मंगल गेल्यानंतर एका दुपारी तिथं बसलो होतो, आणि सगळं बोलून गेलो. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ द्या साहेब, होतं असं. त्यांनी गिऱ्हाइकाला सॉकेट बांधून दिलं, मग माझ्याकडं बघितलं. "मेरेकू कायकू सुनारे, साब? मेरा पानी थोडी ठंडा था. जिसका था उसकू बोलो." आणि चहा मागवला. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला. पण घरी चालत येताना मी वाक्य तयार केलं. वैशाली, त्या थंडीत पाणी तुझ्यामुळं गार नव्हतं. मी हवेची वाट बुजवली होती, मला कळलं होतं, आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. मला माफ कर. तेव्हापासून हे वाक्य माझ्याजवळ तयार आहे. पुण्याला जातो तेव्हा बसमध्ये म्हणून बघतो. तिच्या दारात चपला काढतो, ती पाणी आणून देते, आणि मी विचारतो, बरी आहेस ना.

बारशाच्या त्याच आठवड्यात तिचा फोन आला. नितीन दौऱ्यावर होता, इमारतीची टाकी आदल्या दिवशी धुतली होती आणि सकाळपासून तिच्या न्हाणीघरात गरम पाणी येत नव्हतं. मी विचारलं, कसं करतंय. म्हणाली, खोकतं, बारीक धार येते, मग बंद. मी म्हणालो, वर जायला नको, फोन स्पीकरवर ठेव आणि सांगतो तसं कर. तोटीच्या तोंडाला तळहात घट्ट लाव. आता गरम आणि गार, दोन्ही चाव्या पूर्ण सोड. गारचा जोर गरमच्या पाइपात उलटा चढेल आणि अडलेली हवा वर ढकलेल. हात काढू नकोस. ती हसली, म्हणाली बाही भिजली. पाइपातली गुरगुर मला इथं ऐकू येत होती. थोडं थांबून मी म्हणालो, आता गारची चावी बंद कर आणि हात काढ.

दोनदा फुरफुरलं आणि मग धार लागली. जाड, मऊ.

"आलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे हवाच होती."

"हो," मी म्हणालो. "हवाच होती."

तिनं फोन बंद केला नाही. धार चालू होती. ती थांबली होती, हे मी शपथेवर सांगतो, कुणीच मला एवढा वेळ दिला नसेल. वाक्य तयार होतं, पहिला शब्द तिचं नावच होतं, आणि मी तोंडही उघडलं होतं.

"बाबा?"

"हं."

"ठेवू का? पाणी वाया चाललंय."

"ठेव," मी म्हणालो.